शेती संरक्षणाची बंदूक आणि सार्वजनिक रस्ता: परवान्यात स्पष्ट अट हवी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत रानडुकरांनी मांडलेल्या उच्छादाविषयी वृत्तपत्रांतून वारंवार लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र या उच्छादावर उपाय म्हणून शेतकऱ्यांच्या हाती ज्या बंदुका दिलेल्या आहेत, त्या घरापासून बागेपर्यंत कशा न्यायच्या, सार्वजनिक रस्त्यावर त्या कोणत्या अवस्थेत असाव्यात, आणि रस्त्यापासून किती अंतरावर व कोणत्या दिशेला बार काढलेला चालेल, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मी स्वतः कणकवली तालुक्यातील शेती संरक्षण परवानाधारक आहे. माझी काजूची बाग डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना विभागलेली असल्यामुळे हा प्रश्न मला रोजचा आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. आपल्याकडे बंदुकीचा परवाना म्हणजेच शिकारीचा परवाना, असे अजूनही पुष्कळांना वाटते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. त्यात 1991 साली झालेल्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवाने कायमचे बंद झाले. आज पिकाचे नुकसान करणारे रानडुक्कर मारायचे असेल, तर दोन वेगवेगळे कागद लागतात. बंदूक बाळगण्याचा परवाना शस्त्र अधिनियम 1959 खाली जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी, देतात, आणि त्या विशिष्ट जनावराला मारण्याची परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली वनखात्याच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावी लागते. उभ्या पिकाला धोका, हे कारण या कलमात स्पष्टपणे नमूद आहे. अशा परवानगीने मारलेले जनावरसुद्धा कलम 39 प्रमाणे शासनाची मालमत्ता ठरते. त्याचे मटण वाटून घेण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. गव्याचे तर नावच काढू नये, कारण तो कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे आणि त्याच्याबाबतचा निर्णय राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांखेरीज कोणी घेऊ शकत नाही.

शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये शेती संरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासून भरायच्या, बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तरच वीस इंच किंवा त्याहून लांब, गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपल्या बोलण्यातली बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी, देता येते. कोकणातील कितीतरी घरांत आजोबांच्या काळापासूनची ठासणीची बंदूक वारसाहक्काने चालत आली आहे, त्याच्या मुळाशी ही तरतूद आहे.

आता रस्त्याकडे वळतो. शस्त्र नियम 2016 मधील नियम 32 असे सांगतो की, सार्वजनिक ठिकाणी लांब नळीचे हत्यार न्यायचे असेल तर ते त्यासाठी बनवलेल्या खोळीतच असले पाहिजे, ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि नेणाऱ्याचा त्याच्यावर पुरेसा ताबा असला पाहिजे. लग्न, जत्रा, मिरवणूक अशा प्रसंगी बंदूक परजण्यास किंवा बार काढण्यासही हाच नियम मनाई करतो. त्यानंतर 2019 साली अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कलम 25 मध्ये एक पोटकलम वाढवले गेले: बेदरकारपणे किंवा हयगयीने बंदूक चालवून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सर्व स्वागतार्ह आहे. तरीही रस्त्यालगतच्या बागेत रात्री राखण करणाऱ्या माणसाला याच्यातून नेमके मार्गदर्शन मिळत नाही, कारण रस्त्यापासून अमुक मीटरच्या आत बार काढू नये, रस्त्याच्या आरपार नेम धरू नये, वाहनात बसून बंदूक भरू नये, अशी मोजता येण्याजोगी अट या तरतुदींत कोठेही नाही. बेदरकारपणा कशाला म्हणायचे, हे अपघात झाल्यानंतर न्यायालयात ठरते. शेतकऱ्याला मात्र ते चाप ओढण्यापूर्वी कळायला हवे.

खोळीच्या नियमात आणखी एक उणीव आहे आणि ती ठासणीची बंदूक वापरणाऱ्यालाच चटकन लक्षात येईल. बारा बोअरच्या बंदुकीतून काडतूस काढणे क्षणाचे काम आहे. नळी मोडली, काडतूस खिशात टाकले की बंदूक रिकामी झाली. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे गजाने ठासून बसवलेले असतात. ते परत काढणे वेळखाऊ, किचकट आणि काही वेळा धोक्याचेही असते. त्यामुळे रात्री राखणीसाठी भरलेली आणि बार न काढलेली बंदूक माणूस पहाटे तशीच भरलेली घेऊन रस्त्याने घरी येतो. ती खोळीत असली तरी भरलेलीच असते. यावर साधा उपाय आहे: जिच्यावर घोडा आपटून ठिणगी पडते ती टोपी, जिला आपण केप म्हणतो, ती रस्त्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी काढून वेगळ्या डबीत ठेवली आणि घोडा खाली बसवला, तर अपघाती बार उडण्याची शक्यता जवळजवळ नाहीशी होते. जाणती माणसे हे करतातच. परंतु जे जाणत्यांच्या सवयीत आहे ते परवान्याच्या अटीत नाही, आणि नव्या पिढीतील मुलगा ते कोणाकडून शिकणार, हा माझा प्रश्न आहे. परवाना वडिलांच्या नावावर आणि बंदूक मुलाच्या खांद्यावर हे दृश्य गावोगाव दिसते, तेव्हा हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. परवान्यावर ज्याचे नाव नाही त्याच्या हाती बंदूक देणे हा मुळातच गुन्हा आहे.

येथे कायद्याच्या इतिहासातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मूळ 1972 च्या वन्यजीव कायद्यात कलम 17 होते आणि त्यात शिकार कशी करू नये याची सविस्तर यादी होती. चाकाच्या किंवा यंत्रावर चालणाऱ्या वाहनातून शिकार करू नये, वाहनाने जनावरांना पिटाळू नये, कृत्रिम उजेडाचा झोत टाकून मारू नये, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत मारू नये, पाणवठ्यावर दबा धरू नये, खाजगी जमिनीत मालकाच्या संमतीवाचून जाऊ नये, असे नियम त्यात काही अपवादांसह होते. शिकारीचे परवानेच रद्द झाल्यावर 1991 मध्ये हे कलमही वगळण्यात आले. त्या वेळी ते तर्कसंगत वाटले असेल, कारण जी गोष्ट करायचीच नाही तिची रीत कशाला सांगायची? परंतु कलम 11 खाली पीक राखण्यासाठी जनावर मारण्याची वाट उघडीच राहिली आणि त्या वाटेवर कसे चालावे हे सांगणारे कलम मात्र पुस्तकातून गेले. आज वाहन, उजेड, रात्र आणि रस्ता यांविषयी काही बंधन असेलच, तर ते परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने त्या पत्रात लिहिले तर. मला ही पोकळी खरी धोक्याची वाटते.

ज्यांनी कोकणातील रस्ते पाहिलेले नाहीत, त्यांना हा सारा काथ्याकूट वाटेल. आमच्याकडे गावाचा रस्ता शेताच्या कडेने जात नाही, शेतातून जातो. एका बाजूला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, त्याच्या आत काजू. दुसऱ्या बाजूला उतारावर नाचणीची वरकस जमीन, खाली भाताचा मळा आणि पलीकडे ओहोळ. रानडुकरांचा कळप दिवेलागणीनंतर जंगलातून उतरतो तो याच रस्त्याला ओलांडून मळ्यात शिरतो आणि पहाटे याच रस्त्याने परततो. झाडीत न दिसणारे जनावर डांबरावर आले की स्पष्ट दिसते, म्हणून नेम धरण्याचा मोहही नेमका तेथेच होतो. आणि त्याच वेळेस त्या रस्त्यावर माणसेही असतात. कार्तिकापासून वैशाखापर्यंत गावोगाव जत्रा आणि दशावतारी नाटके चालतात. नाटक संपल्यावर बायका-मुलांसह लोक रात्री दोन-तीन वाजता बॅटरीच्या उजेडात घरी चालत निघतात. शिमग्यात पालखी रात्रभर वाड्या-वाड्यांतून फिरते. काजूच्या हंगामात उजाडण्यापूर्वी बोंडू गोळा करायला माणसे बागेत उतरलेली असतात. भाताची राखण, काजूची राखण आणि लोकांची ही ये-जा सगळे एकाच काळात, एकाच अंधारात आणि एकाच रस्त्याच्या आजूबाजूला घडते.

बंदुकीची नळी किती दूर मारते याविषयीही मोठे अज्ञान आहे. बारा बोअरच्या बंदुकीचा मार पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत परिणामकारक असतो हे खरे, आणि त्यामुळे त्यापलीकडे धोका नाही असे समजले जाते. प्रत्यक्षात पाखरांसाठी वापरायचे बारीक छर्रेसुद्धा दोनशे मीटरच्या आसपास पोहोचतात आणि डुकरासाठी भरलेले मोठे छर्रे पाचशे मीटरच्या पलीकडेही जाऊ शकतात. चाळीस मीटरवर जनावराला न लागलेला छर्रा तेथेच खाली पडत नाही. त्यातच आमची जमीन जांभ्याची. कातळावर किंवा गडग्यावर आदळलेला छर्रा कोणत्या दिशेला उसळेल याचा नेम नसतो. डुकराला पळवून लावण्यासाठी हवेत बार काढतो, कोणाला मारत नाही, असे म्हणणाऱ्यांनीही भरलेल्या छर्ऱ्यांचे पुढे काय होते याचा विचार करावा.

शेतकऱ्याच्या राखणीशी ज्याचा काडीचाही संबंध नाही, असा एक प्रकार या परवान्यांच्या आडोशाला वाढला आहे, त्याबद्दल मौन पाळणे मला शक्य नाही. घाटाच्या पायथ्याच्या रस्त्यांवर आणि सड्यांवरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरून, जाणाऱ्या सामसूम फाट्यांवर रात्री उघडी जीप किंवा मोटारी संथ गतीने फिरतात. मोठ्या बॅटरीचा झोत दोन्ही बाजूंच्या झाडीत फिरवला जातो. डोळे चमकले की खिडकीतूनच बार निघतो. भेकर, साळिंदर, ससा, समोर येईल ते उचलले जाते. ही उघड चोरटी शिकार आहे आणि तिला वन्यजीव कायद्याखाली कठोर शिक्षा आहे. यातील एखादी बंदूक शेती संरक्षणाच्या परवान्यावरची निघाली की बदनामी आम्हा सर्व परवानाधारकांची होते. विनापरवाना गावठी बंदूक असेल तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 25 प्रमाणे 2019 नंतर किमान दोन वर्षे कैद आहे. राधानगरी अभयारण्याच्या बाजूने फोंडाघाट उतरणारा रस्ता घ्या, किंवा घाटमाथ्यावरचे असे दुसरे रस्ते घ्या. वन्यजीव कायद्याच्या कलम 31 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात हत्यारासह प्रवेश करता येत नाही, आणि कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी आपले नाव वनखात्याकडे नोंदवायचे आहे. किती परवानाधारकांना ही दुसरी तरतूद कोणी सांगितली असेल, याची मला शंकाच वाटते.

रस्त्याविषयीची मोजता येण्याजोगी अट ही काही न घडणारी गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये 1980 च्या हायवेज अ‍ॅक्टमध्ये वाहनांच्या रस्त्याच्या मध्यापासून पन्नास फुटांच्या आत बार काढल्यामुळे रस्त्याने जाणाऱ्याला इजा, अडथळा किंवा धोका झाला तर तो गुन्हा ठरतो, असे साध्या शब्दांत लिहिलेले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात शिकारीचा मोसम असतो, लाखो लोक बंदूक घेऊन रानात जातात. तेथे भरलेली बंदूक वाहनात ठेवता येत नाही आणि वाहनातून उतरलेल्या शिकाऱ्याने रस्त्याच्या वाहतुकीच्या भागापासून पंचवीस यार्ड दूर गेल्याशिवाय बार काढायचा नसतो. कॅलिफोर्नियातही सार्वजनिक रस्त्याच्या आरपार असुरक्षित आणि बेदरकार रीतीने गोळी झाडणे निषिद्ध आहे. त्या देशांची शस्त्रसंस्कृती आपल्याकडे यावी असे मी कदापि म्हणणार नाही. एवढेच दाखवायचे आहे की, जेथे शिकार कायदेशीर आहे तेथेही रस्त्याच्या बाबतीत आकडा लिहून ठेवलेला आहे, आणि आपल्याकडे ती बंद असूनही बंदुका रस्त्यालगत वापरात आहेत, तेथे तो नाही.

यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. शस्त्र नियम करण्याचा अधिकार केंद्राचा आहे हे खरे. पण शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 च्या पहिल्या पोटकलमाप्रमाणे परवाना देणारा अधिकारी, नियमांनी ठरवून दिलेल्या अटी सोडून, परवान्याच्या इतर अटींत बदल करू शकतो आणि त्यासाठी परवानाधारकाला लेखी नोटीस देऊन परवाना मागवून घेऊ शकतो. म्हणजेच सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचे जिल्हाधिकारी आपल्या अधिकारात हे काम करू शकतात. शेती संरक्षणाच्या प्रत्येक परवान्यावर अशी अट घालावी की, सार्वजनिक रस्त्यावर बंदूक खोळीत आणि रिकामी असेल, ठासणीची असल्यास टोपी काढलेली आणि घोडा उतरवलेला असेल. कोणत्याही वाहनात, ते उभे असो वा चालू, बंदूक भरली जाणार नाही. आणि रस्त्याच्या दिशेने किंवा रस्त्याच्या आरपार, अंतर कितीही असले तरी, बार काढला जाणार नाही. अटीचा भंग झाल्यास कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आजही आहे, आणि परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार तर आहेच.

अंतराविषयी मात्र मी सावधपणे लिहितो. शंभर मीटरची सरसकट मर्यादा घातली तर गुंठ्यांत मोजाव्या लागणाऱ्या आमच्या जमिनींत निम्म्या शेतकऱ्यांना बंदूक वापरताच येणार नाही, आणि ज्याला कायदा पाळणे अशक्य होते तो कायद्याकडे पाठ फिरवतो. माझ्या मते दिशा ही अंतरापेक्षा महत्त्वाची आहे. रस्त्याकडे पाठ करून, उतारावर किंवा मचाणावरून खाली जमिनीकडे काढलेला बार तीस मीटरवरूनही सुरक्षित असू शकतो. रस्त्याकडे तोंड करून काढलेला बार तीनशे मीटरवरूनही असुरक्षित आहे. म्हणून पन्नास मीटरची मर्यादा ठेवावी, आणि ज्याची बाग त्याहून अरुंद आहे त्याच्यासाठी वनरक्षकाने जागा पाहून मचाणाची जागा आणि नेमाची दिशा परवानगीच्या पत्रातच लिहून द्यावी. कलम 11 खालच्या परवानगीत वेळ, जागा, दिशा, उजेडाचा वापर आणि वाहनाला मनाई या गोष्टी लिहिण्यास वनखात्याला कोणतीही अडचण नाही. वन्यजीव कायद्याच्या जुन्या कलम 17 मधील शहाणपण अशा रीतीने परत आणता येईल.

अंमलबजावणीच्या बाबतीत पोलीस वनखात्याकडे आणि वनखाते पोलिसांकडे बोट दाखवते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. कायदा इतका हतबल नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम 20 प्रमाणे, बेकायदेशीर हेतूने हत्यार नेले जात असल्याचा रास्त संशय येण्याजोगी परिस्थिती असेल, तर परवाना असो वा नसो, पोलीस अधिकाऱ्याप्रमाणेच अन्य कोणताही लोकसेवकसुद्धा त्या व्यक्तीला वॉरंटशिवाय अटक करून हत्यार जप्त करू शकतो. रात्री दोन वाजता अभयारण्यालगतच्या फाट्यावर झोत टाकत फिरणाऱ्या गाडीतील उघडी बंदूक ही अशी परिस्थिती नाही, तर मग कोणती? वनरक्षक हाही लोकसेवकच आहे. गस्तीवरील वनकर्मचाऱ्यांना हे कलम शिकवले गेले आणि पोलिसांची एखादी तुकडी हंगामात त्यांच्याबरोबर असली, तर पुष्कळ फरक पडेल.

माझ्या शेतकरी बांधवांकडून यावर एक आक्षेप येईल हे मी जाणतो: आधीच डुकरे, वानर आणि गवे यांनी जगणे कठीण केले आहे, निवडणूक आली की ऐन हंगामात बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, त्यात आणखी अटी कशाला? त्यांच्या त्राग्याशी मी पूर्ण सहमत आहे. निवडणुकीच्या काळात सरसकट सर्वांच्या बंदुका जमा करून घेण्याऐवजी प्रत्येक प्रकरणाची छाननी व्हावी, ही मागणी रास्त आहे आणि मी ती अनेकदा केली आहे. केरळने 2022 साली पंचायतींच्या अध्यक्षांना उपद्रवी रानडुकरे मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार दिले. आपल्याकडेही 2015 साली रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्याबाबत परवानगीची पद्धत सुलभ करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला होता. अशी सवलत वाढत जावी असे वाटत असेल, तर ती घेणारे हात सुरक्षित आहेत हे आपल्यालाच दाखवावे लागेल. रस्त्यावर एखाद्या निरपराध माणसाला छर्रा लागला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली हयगयीने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या शेतकऱ्याचे घर बसेल ते वेगळेच, आणि पुढे संपूर्ण तालुक्यात नवा परवाना मिळणे दुरापास्त होईल.

शेवटी एक व्यवहाराची सूचना करतो. माझ्या परवान्याच्या पुस्तिकेतील अटी इंग्रजीत आहेत. त्या वाचून समजणारे परवानाधारक आमच्या पंचक्रोशीत थोडेच असतील. परवान्यांचे नूतनीकरण आता पाच वर्षांनी होते. त्या वेळी प्रत्येक परवानाधारकाला तालुक्याच्या ठिकाणी बोलावून, वर लिहिलेल्या अटींचे मराठीतील एक पान पुस्तिकेला जोडून द्यावे, ते वाचून दाखवून सही घ्यावी, आणि पोलीस व वनखात्याच्या प्रतिनिधींनी ठासणीची आणि काडतुसाची अशा दोन्ही बंदुका रस्त्यावर कशा न्यायच्या हे प्रत्यक्ष करून दाखवावे. ज्यांचे नूतनीकरण अद्याप दूर आहे त्यांना शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 खाली नोटीस काढून हेच पान येत्या कापणीपूर्वी पोहोचवावे, अशी दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक शेती संरक्षण परवानाधारक शेतकरी,
तालुका कणकवली, जिल्हा सिंधुदुर्ग